अकरा सेकंद थांबलेला वॉर्मर

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचत आले आहे, आणि खरं सांगायचं तर करमणूक म्हणून. त्यांत लाइट नेमकी अमावास्येला जाते, वळणावर पांढऱ्या साडीतली बाई वेळेवर हजर असते, आणि गावातला एक म्हातारा ‘त्या बाजूला जाऊ नका’ असं आधीच बजावून मोकळा झालेला असतो. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. हे वाक्य इथं प्रत्येक जण लिहितो हे मला ठाऊक आहे. तरी लिहिते, कारण माझ्या अनुभवात बाई नाही, वळण नाही आणि वेळ दुपारी बाराची आहे. शिवाय त्यात काही घडलंच नाही. घडायला हवं होतं ते घडलं नाही... आणि का घडलं नाही, हे सव्वा वर्ष झालं तरी मला कळलेलं नाही.

मी चिकलठाणा एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीत काम करते. आम्ही दवाखान्यांसाठी यंत्रं बनवतो. त्यातलं एक म्हणजे वॉर्मर — दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळांना ऊब देणारं मशीन. खाली छोटी गादी, वर हीटर, आणि बाळाच्या पोटाला चिकटवलेला सेन्सर. सेन्सर बाळाच्या अंगाचं तापमान सांगतो, त्याप्रमाणे हीटर कमी-जास्त होतो. मशीनच्या पोटात एक लहानसा कॉम्प्युटर असतो, आणि त्याच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, ही माझी बाजू.

आता थोडं तांत्रिक होईल. सहन करा, कारण जे काही भूत आहे ते इथंच आहे.

लाइट जाऊन आली की मशीनचा प्रत्येक भाग नव्यानं सुरू होतो. याला रीसेट म्हणतात. रीसेट झालेली चिप गाढ झोपेतून उठवलेल्या माणसासारखी असते. लगेच काही विचारलं तर उत्तर देत नाही. तिला भानावर यायला किती वेळ द्यायचा, आणि त्यानंतरही ती गप्प राहिली तर काय करायचं, हे कर्नलमध्ये कोणीतरी लिहून ठेवावं लागतं. आमच्या वॉर्मरमध्ये ते मी लिहिलं होतं. सेन्सरची चिप बनवणाऱ्यांच्या कागदांत साठ मिलिसेकंद दिलेले होते. मी उदार होऊन शंभर दिले. म्हणजे सेकंदाचा दहावा भाग. तेवढ्यात चिप बोलली नाही, तर कर्नलनं ‘सेन्सर नाही’ अशी नोंद करायची आणि कोणी मशीन बंद करून चालू करेपर्यंत पुन्हा तिच्या वाटेला जायचं नाही. सेन्सर नाही म्हटल्यावर हीटर बंद. ते बरोबरच आहे, तापमान न मोजता हीटर चालू ठेवला तर बाळ भाजेल. हीटर बंद झाला की अलार्म वाजतो, सिस्टर धावत येते, मशीन बंद-चालू करते. कागदावर सगळं चोख होतं.

मशीन जोडायचं आणि तपासायचं काम आमच्याकडे दादाराव करतात. पन्नाशी ओलांडलेले, फुलंब्रीहून रोज बसनं येणारे. आधी गावाकडे विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त करायचे. मागच्या वर्षी जानेवारीत त्यांची मुलगी मनीषा सातव्या महिन्यात बाळंत झाली. मुलगी झाली. वजन सव्वा किलो.

तिला ज्या दवाखान्यात ठेवलं तो सिडकोतला एक खासगी दवाखाना. नाव सांगत नाही, सांगायची गरजही नाही. तिथं आमचे पाच नवे वॉर्मर नुकतेच पोचले होते आणि मोठ्या पाहुण्यांच्या हस्ते उद्घाटन व्हायचं होतं. मुहूर्तापर्यंत मशीनला हात लावायचा नाही, असा व्यवस्थापकांचा आग्रह. मुलीला मुहूर्ताची कल्पना नव्हती. डॉक्टरीणबाईंनी फार चर्चा न करता पाचातला एक वॉर्मर चालू केला आणि तिला त्यात ठेवलं. चार मशीनवर झेंडूच्या माळा नि लाल फीत, आणि पाचव्यात दादारावांची नात. बाकीची बाळं जुन्या, साध्या दिव्याच्या मशीनखाली. दादारावांना डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं होतं की वजन वाढेपर्यंत हिची ऊब मोडता कामा नये. एवढंसं अंग तासाभरात गार पडतं आणि मग सावरणं अवघड होतं. त्यावर दादाराव म्हणाले होते की मशीन माझ्या हातचं आहे, काळजी नाही.

उद्घाटनाला मालकांनी मला धाडलं. पाहुण्यांनी काही टेक्निकल विचारलं तर उत्तर द्यायला कोणी असावं म्हणून. आजवर एकाही पाहुण्यानं काही टेक्निकल विचारलेलं नाही. एकानं एकदा ‘याला वायफाय आहे का’ असं विचारलं होतं, पण ते बहुधा स्वतःच्या फोनसाठी. दादाराव नातीसाठी तिथंच होते, ते माझ्याशेजारी येऊन बसले.

मंडप दवाखान्याच्या पार्किंगमध्ये, बाळांचा वॉर्ड दुसऱ्या मजल्यावर. कार्यक्रम अकराचा. पाहुणे पावणेबारापर्यंत आले नव्हते, तोवर स्वागताध्यक्षांचं स्वागत झालं, मग ज्यांनी ते केलं त्यांचं झालं. वरच्या सगळ्या सिस्टर खाली औक्षणाची ताटं धरून उभ्या होत्या. वॉर्डात फक्त परवीन सिस्टर होत्या, कारण त्यांनी खाली यायला साफ नकार दिला होता. ऊन चांगलं पडलेलं असतानाही मंडपात हॅलोजन लावायचं ठरलं होतं. फोटोसाठी.

बारा वाजता गाड्या आल्या. ढोल सुरू झाला, मंडपवाल्यानं सगळे हॅलोजन एकदम चालू केले, आणि लाइट गेली.

गेली आणि आली. पापणी लवावी एवढाच वेळ. निवेदक ‘अखंड सेवा’तल्या अखंडवर होते, ते अखंड बोलत राहिले. कोणाच्या लक्षातही आलं नाही. दादारावांच्या मात्र आलं. ते माझ्याकडे वाकून म्हणाले, “मॅडम, लाइट गेल्ती. मग माइक कसा काय चालू राह्यला?”

मी माइकवाल्याला विचारलं. त्यानं अभिमानानं सांगितलं की वरच्या वॉर्डातला यूपीएस, तो लाइट गेल्यावर वीज देणारा बॅटरीचा डबा, खाली आणलाय. साहेब बोलताना माइक बंद पडला तर कसं दिसेल?

मी पर्समधली डायरी काढली. वॉर्मरच्या राहिलेल्या तपासण्यांच्या यादीत एक ओळ होती — ‘लाइट क्षणभर जाऊन लगेच आली तर’ — आणि तिच्यापुढे बरोबरची खूण नव्हती. मालक म्हणाले होते, वॉर्डाला यूपीएस आहेच, उद्घाटन होऊन जाऊ द्या, मग करा. आणि मी हो म्हटलं होतं. सगळा दोष मालकांवर टाकायला मला आवडलं असतं, पण हो मी म्हटलं होतं.

मी उठले आणि जिन्याकडे गेले. जिन्याच्या तोंडाशी फीत. फितीमागे छातीवर बिल्ला लावलेला एक कार्यकर्ता. साहेब वर जातील, मग बाकीचे. मी मशीनची इंजिनियर आहे म्हटल्यावर त्यानं माझा बिल्ला शोधला, तो नव्हता. लिफ्टमध्ये गालिचा अंथरून ती पाहुण्यांसाठी राखलेली. वॉर्डात फोन लावला, तो नुसता वाजत होता, कोणी उचलत नव्हतं. व्यवस्थापकांना गाठलं तर ते म्हणाले, काळजी करू नका, आज वर एकदम शांतता आहे — सगळ्या मशीनचे अलार्म त्यांनी सकाळीच बारीक करून घेतले होते, पाहुणे पाहणी करताना पीं-पीं बरं दिसत नाही.

म्हणजे आता हीटर बंद पडला असता तरी कोणाला ऐकू आलं नसतं.

स्टेजवर शाल, मग श्रीफळ, मग भाषण. दादाराव माझ्या मागोमाग जिन्यापर्यंत आले होते. त्यांनी विचारलं काय झालं, मी म्हणाले काही नाही, मशीन एकदा बघायचंय. “आपलंच मशीन हाय की, मॅडम,” ते म्हणाले. “आपोआप चालू झालं आसंल.” मी वॉर्डाचा फोन पुन्हा लावला. पंधरा मिनिटं गेली, वीस गेली. सव्वा किलोचं अंग किती वेळात गार पडतं, याचा हिशोब मी करत होते आणि करू नये असं स्वतःला सांगतही होते.

शेवटी माझ्याकडे एकवार नीट पाहून दादाराव टेबलाकडे गेले. तिथून जाडजूड दोन हार उचलले, एक माझ्या हातात दिला आणि त्या कार्यकर्त्याला म्हणाले, “साहेबांचे हार हायेत. वर ठिवायचेत.” त्यानं लगबगीनं फीत वर धरली, आणि आम्ही वाकून खालून गेलो. इंजिनियरला जे जमलं नव्हतं ते झेंडूला जमलं.

दोन मजले मी कशी चढले आठवत नाही. वॉर्डाच्या टोकाला परवीन सिस्टर दाराकडे पाठ करून एका बाळाला नळीतून थेंब थेंब दूध देत होत्या. उजव्या भिंतीला आमचे पाच वॉर्मर. चार माळा घालून मुकाट उभे. पाचव्यावर हिरवा दिवा. पडद्यावर ३६.६. मूठ गालाशी धरून मुलगी झोपलेली.

मी स्टुलावर बसले. सिस्टरनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं, मग हाराकडे. मी विचारलं, लाइट गेली तेव्हा काही झालं का?

“लाइट गई थी? कब?” त्या म्हणाल्या. “मेरेकू तो कुछ नई दिखा. वो हार उधर रखो मॅडम, बच्चों के पास नक्को.”

दादाराव दारातच थांबले होते, आत यायची परवानगी नव्हती म्हणून. तिथूनच त्यांनी नातीकडे पाहिलं आणि मी उगीच घाबरले होते अशा अर्थाची मान हलवली. माझ्याकडून यूपीएसचं ऐकल्यावर मात्र परवीन सिस्टरनी हातातलं काम संपवलं, मला दोन मिनिटं बाळांजवळ उभं केलं आणि त्या खाली गेल्या. त्यांचा आवाज दोन मजले वर स्पष्ट ऐकू आला. “साहब का माइक बंद हुआ तो साहब चिल्ला लेंगे. ये बच्ची की तो आवाज भी नई निकलती.” पाच मिनिटांत यूपीएस परत आपल्या जागी होता, मुलीच्या मशीनची वीज न तोडता जोडलेला. साहेबांचं उरलेलं भाषण माइकशिवाय झालं, आणि त्यामुळे लवकर झालं.

इथपर्यंत यात काही अमानवीय नाही. नुसती सुटका आहे, आणि मी त्या सुटकेत बुडून घरी गेले असते तर ही गोष्ट लिहायचं कारण नव्हतं. पण सवयीनं मी दुपारी मशीनला लॅपटॉप जोडला, ते बंद न करता, आणि त्याची नोंदवही, म्हणजे मशीन स्वतःच लिहीत जातं तो लॉग, उघडली.

लाइट आली. सेन्सर रीसेट केला. त्याच्या पुढची ओळ — सेन्सर तयार. दोन ओळींमधलं अंतर अकरा सेकंद आणि वर थोडं.

मी ती ओळ किती वेळा वाचली देव जाणे. म्हणजे तो असलाच तर. माझ्या कोडमध्ये शंभर मिलिसेकंद उलटल्यावर ‘सेन्सर तयार’ हे शब्द छापले जायचा रस्ताच नाही. शंभर झाले की ‘सेन्सर नाही’ लिहायचं आणि निघायचं. आमचं मशीन निघालं नव्हतं. अकरा सेकंद, मी दिलेल्या वेळेच्या शंभरपटीहून जास्त, ते त्या चिपसमोर काही न बोलता उभं होतं.

पहिली शंका घड्याळावर. मशीनचं घड्याळ चुकलं असेल. वॉर्डातल्या कॅमेऱ्याला स्वतःची बॅटरी होती. स्टेजला तिचा उपयोग नसल्यामुळे ती कोणी नेली नव्हती. त्यात पाहिलं. लाइट जाते, येते, वॉर्मरचा दिवा पिवळा होतो आणि पिवळाच राहतो. परवीन सिस्टरची पाठ. मुलीचा पाय एकदा हलतो. मग दिवा हिरवा. मोजले, अकरा सेकंद. दुसरी शंका, कोणीतरी वेगळा कोड भरला असेल. तपासला, अक्षर न अक्षर माझाच. तिसरी शंका एका सहकाऱ्याची — मेमरीतला एखादा बिट, म्हणजे शून्य-एकपैकी एक अंक, आपोआप उलटला आणि शंभराचे हजारो झाले. असं होतं, अगदी क्वचित होतं. पण उलटलेला बिट मशीन बंद होईपर्यंत उलटाच राहतो, आणि चालू मशीनच्या मेमरीत मी त्याच दुपारी पाहिलं तेव्हा तिथं सरळ शंभर होते. बरोबर त्या एका जागी, बरोबर त्या वेळी उलटून, काम झाल्यावर पुन्हा सुलटा झालेला बिट... हे मान्य करायला मला भुताइतकीच श्रद्धा लागते.

दुसऱ्या दिवशी कंपनीत, तशाच दुसऱ्या वॉर्मरवर, राहिलेली तपासणी करायला घेतली. दादारावांना म्हटलं, बटण बंद करा आणि लगेच चालू करा. त्यांनी बंद केलं, शेजारची बाटली उचलली, दोन घोट पाणी प्यायले, मग चालू केलं. मी म्हटलं, नाही, लगेच. त्यांचा हात पुन्हा बाटलीकडे गेला.

“मशीन बंद केलं की दम खाऊ द्यावा, मॅडम,” ते म्हणाले. “लगीच चालू केलं की मोटार जळती.”

तेव्हा मला सगळा प्रकार समजला. दोन वर्षं आम्ही या मशीनच्या जेवढ्या म्हणून तपासण्या केल्या, त्या प्रत्येकीत बंद आणि चालू यांच्या मध्ये दादारावांचे दोन घोट पाणी होतं. तेवढ्या वेळात चिपमधली उरलीसुरली वीज पूर्ण उतरायची, आणि मग ती साठ मिलिसेकंदांत शहाण्यासारखी उठायची. लाइट आमच्याकडे कशी जाते-येते हे आम्ही तपासलंच नव्हतं. आम्ही दादारावांची सवय तपासली होती, आणि ती उत्तम होती.

मग बटण मी हातात घेतलं. झटकन बंद, झटकन चालू. अर्धवट वीज उरलेली चिप गोंधळली आणि उठायला दहा-बारा सेकंद लागले. तोवर माझ्या कोडनं तिला सोडून दिलं होतं. लाल दिवा. पुन्हा केलं. लाल दिवा. संध्याकाळपर्यंत पन्नासेक वेळा केलं असेल. पुढे मुलीला दुसऱ्या मशीनवर हलवल्यावर तो मूळ वॉर्मरही आणून असाच तपासला. प्रत्येक वेळी लाल. जे एकदा घडलं होतं ते पुन्हा एकदाही घडलं नाही.

दादाराव सगळं बघत होते. त्यांना कर्नल माहीत नाही, पण लाल दिवा माहीत आहे. त्यांनी विचारलं, “म्हंजी त्या दिवशी बी आसंच व्हायला पायजे व्हतं?”

“हो,” मी म्हणाले.

“मग?”

“मग माहीत नाही.”

आणि मी त्यांना सांगितलं. शंभर हा आकडा मी लिहिला होता. ही तपासणी मी मागे ठेवली होती. माझ्या कोडनं त्यांच्या नातीला सेकंदाचा दहावा भाग दिला होता, आणि माझ्या म्हणण्याप्रमाणे चाललं असतं तर जिन्याखाली आपण उभे होतो तेव्हा ती गार पडत होती. हे सगळं मी एका दमात बोलले.

दादाराव रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी हात लांब करून मशीनचं बटण बंद केलं.

“आता किती लिवलं?” त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, तीस सेकंद. आणि तेवढ्यातही चिप उठली नाही तर नाद सोडायचा नाही, पुन्हा रीसेट करून पुन्हा विचारत राहायचं.

“साठ करा,” ते म्हणाले, आणि बाटली घेऊन पाणी भरायला गेले.

दवाखान्यातल्या पाचही वॉर्मरमधला कोड तीन दिवसांत एकेक करून बदलला. अलार्मचा आवाज आता कोणाला बारीक करता येत नाही, तेही कर्नलमध्ये बसवून टाकलं. व्यवस्थापकांना ते आवडलेलं नाही. मुलगी पाच आठवड्यांनी दोन किलोची होऊन घरी गेली. सध्या ती फुलंब्रीला आजोळी असते, धरून उभी राहते, आणि दादारावांच्या म्हणण्याप्रमाणे दिसेल ते बटण दाबते. लगेच बंद, लगेच चालू. दम खाऊ देत नाही.

मला अजून स्पष्टीकरण मिळालेलं नाही. या सदराच्या वाचकांकडे ते असेल असंही वाटत नाही; आत्मा, नवस, पूर्वपुण्य वगैरे कृपया कळवू नये. मनीषाच्या वारलेल्या आजीचा आशीर्वाद असं तिच्या सासूबाईंचं मत आहे, पण दादाराव सांगतात की ती आजी मिक्सरलाही हात लावायला घाबरायची. मी शोधायचं सोडलेलं नाही. फक्त रोज सोडवत बसत नाही. सापडलं नाही तरी चालेल, असं आयुष्यात पहिल्यांदाच एखाद्या बगबद्दल मला वाटतं.

आमच्या कंपनीत नियम आहे की कोडमध्ये कुठलाही आकडा लिहिला की शेजारी त्याचं कारण लिहायचं. साठ सेकंदांना कुठल्याच कागदात आधार नाही. माझा कोड तपासणाऱ्या सहकाऱ्यानं विचारलंच, चिप बारा सेकंदांत उठते तर साठ कशाला? मग मी आकड्याशेजारच्या रिकाम्या जागेत लिहिलं:

‘एकदा मशीन सांगितल्यापेक्षा जास्त थांबलं होतं. कारण माहीत नाही. हा आकडा कमी करू नये.’

त्यानं ते वाचलं आणि काही न विचारता मंजूर केलं.